थकवा मोजायचा कसा: सोडून दिलेल्या कामांवरून

पुण्यातल्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी त्या रोज पहाटे चढायचे, मध्ये न थांबता. सत्तावन्नाव्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, चाळिसाव्या पायरीच्या आसपास चपलेचा पट्टा नीट करायला म्हणून थांबले. पट्टा नीटच होता. मार्चमध्ये मी मैत्रिणीला वाटेत काहीतरी विचारायचे, म्हणजे दोघींनाही थांबावं लागे. एप्रिलमध्ये ऊन वाढलं असं सांगून पर्वती बंद केली आणि खाली सपाटीवर फिरायला लागले. ऑगस्टमध्ये माझ्या हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत ९० टक्के अडथळा सापडला.

या सहा महिन्यांत छातीत एकदाही दुखलं नाही. होता तो फक्त थकवा. आणि तोही मला नीट जाणवला नाही, कारण तो यायच्या आतच मी काम सोडून देत होते. 'थकवा येतो का' असं कुणी विचारलं असतं तर मी खुशाल 'नाही' म्हटलं असतं. म्हणून चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी, विशेषतः बायकांसाठी, हे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तपासणीच्या खोलीत माझ्या डॉक्टरांनी जे समजावलं आणि मला जे फार उशिरा कळलं, ते इथे आहे.

आधी तातडीचं

यादी, वही, नोंदी हे सगळं पुढे सांगते, पण काही वेळा त्यात एक मिनिटही घालवायचं नसतं. बसल्या जागी एकाएकी हातपाय गळाले, दरदरून घाम आला, मळमळलं, श्वास पुरेना, जबडा, पाठ किंवा दंड अवघडला, आणि काही मिनिटांत हे ओसरलं नाही, तर १०८ ला फोन करा. 'ॲसिडिटी असेल' म्हणून गोळी घेऊन आडवं होऊ नका. जिथे ईसीजी निघतो आणि जमलं तर अँजिओप्लास्टीही (अडलेली धमनी फुग्याने उघडणं) होते, अशाच रुग्णालयात जा. स्वतः गाडी चालवू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, कुठे रक्तस्राव होत नसेल आणि फोनवर डॉक्टरांनी सांगितलं, तर गोळी चावून खायची असते, गिळायची नसते. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्यांकडून मागून घेऊ नका. तिने रक्तदाब झपकन उतरू शकतो.

सोडलेल्या कामांची यादी

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट. एक कागद घ्या. मागच्या वर्षी याच महिन्यात तुम्ही जी अंगमेहनतीची कामं सहज करत होता ती आठवून लिहा. पुढे लिहा, आज ती करता का, आणि करत नसाल तर कधीपासून आणि काय कारण देऊन सोडलीत.

माझा कागद रुग्णालयातल्या खाटेवर लिहिला गेला. मंडईत जाऊन भाजी आणणं बंद, दारावरच्या हातगाडीवरून घेते, कारण 'मंडईत गर्दी फार'. गच्चीत कपडे वाळत घालणं बंद, गॅलरीत घालते, कारण 'गच्चीत धूळ'. पोळ्या उभ्याने लाटणं बंद, खुर्ची ओढून बसते, कारण 'गुडघे'. गाद्या उलटणं यांच्याकडे दिलं. नातवाला कडेवर घेणं बंद, 'तो आता मोठा झाला'. एकेक कारण खरं वाटण्यासारखंच होतं. ती सगळी कारणं एकाखाली एक आली तेव्हा मला रडू आलं.

ही यादी एकट्याने करू नका. घरातल्या माणसाला वेगळ्या कागदावर करायला सांगा. यांनी केलेल्या यादीत एक गोष्ट होती जी मला आठवतच नव्हती: मी फोनवर बोलताना येरझारा घालायचे, ते थांबलं होतं.

मुलांनो, आईला 'दमतेस का गं?' असं विचारू नका. 'हल्ली काय करायचं सोडलंस?' असं विचारा.

थकवा हा एक शब्द नाही

डॉक्टरांसमोर बसलं की आपण सगळे एकच शब्द वापरतो, थकवा. घरात मात्र आपल्याकडे डझनभर शब्द असतात, आणि त्यांतला नेमका शब्द डॉक्टरांना सांगितला तर निम्मं निदान तिथेच होतं.

दिवसभर काम करून येतो तो शीण. तो झोपेने जातो. काही करावंसंच वाटत नाही ती मरगळ. तिच्यामागे मन असू शकतं, थायरॉइड असू शकतो, अपुरी झोप असू शकते. अंग मोडून येणं बहुधा तापाचं. रात्री घोरून सकाळी डोकं जड आणि दिवसभर पेंग, हे झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्याचं असू शकतं. पण चालताना, चढताना, बादली उचलताना दम लागतो, धाप लागते, अंगातलं त्राण जातं, पाय जड होतात, आणि थांबलं की पाच-दहा मिनिटांत पुन्हा बरं वाटतं, ही गोष्ट वेगळी. कष्टाने येणारा, विश्रांतीने जाणारा, आणि पूर्वी एवढ्याच कष्टाने न येणारा, असा तिहेरी थकवा असेल तर धमन्यांचा विचार झालाच पाहिजे.

असं का होतं, तेही समजून घ्या. शरीराचे बहुतेक अवयव आराम करताना रक्तातला साधारण पाव हिस्सा प्राणवायू उचलतात. हृदयाचा स्नायू मात्र बसल्या जागीही जवळजवळ तीन चतुर्थांश उचलतो. त्यामुळे काम वाढलं की तेवढ्याच रक्तातून आणखी प्राणवायू काढायला त्याला वाव नसतो, जास्त रक्तच यावं लागतं. निरोगी धमन्यांतला प्रवाह जोराच्या श्रमात चौपट-पाचपट होऊ शकतो. धमनी चरबीच्या थराने अरुंद झाली की बसल्या जागी पुरेसं रक्त मिळतं, चढणीवर मिळत नाही. उपाशी स्नायू नीट सैल होत नाही, फुप्फुसांकडे दाब साचतो, म्हणून धाप. शरीराला पुढे ढकललं जाणारं रक्त कमी पडतं, म्हणून गळून जाणं. छातीत दुखणं ही त्याच उपासमारीची आणखी एक खूण आहे, पण ती सगळ्यांना मिळत नाही. मधुमेह असणाऱ्यांच्या नसा बोथट झालेल्या असू शकतात, त्यांना ती अनेकदा चुकवते.

बायकांचं तर आणखी. अमेरिकेतल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांना विचारणा झाली होती. झटक्याच्या आधीच्या काळात सुमारे ७१ टक्के जणींना नेहमीपेक्षा वेगळा थकवा होता, ४८ टक्के जणींची झोप बिघडली होती. प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी ४३ टक्के जणींच्या छातीत दुखलंच नाही. याचा अर्थ दमलेल्या प्रत्येक बाईला हृदयरोग आहे असा नव्हे. ही विचारणा झटका येऊन गेलेल्यांचीच होती. पण 'छातीत दुखत नाही ना, मग काळजी नको' हे वाक्य आपल्या घरांतून गेलं पाहिजे. आणि 'अजून वय कुठे झालंय' हेही. ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांपैकी निम्म्यांना पहिला झटका ५३ वर्षांच्या आत आला होता. इतर देशांत हे वय जवळपास ५९ होतं.

आठवड्याची वही

यादीत तीन-चार कामं सुटलेली दिसली तर आठवडाभर नोंद ठेवा. त्यासाठी एक ठरावीक चढ निवडा: सोसायटीचा जिना, देवळाच्या पायऱ्या, बसस्टॉपपासूनचा चढ. रोज तोच, नेहमीच्या वेगाने. जोर लावून स्वतःची परीक्षा घेऊ नका. जाणवलं की थांबा. कितव्या पायरीला थांबलात, काय झालं, किती मिनिटांत बरं वाटलं, एवढंच लिहा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

'सकाळी ६.२०. पायरी ३८. दम, दोन्ही दंड जड, जबड्याखाली अवघडल्यासारखं. उभी राहिले. ४ मिनिटांत गेलं. पुन्हा ७०.'

ते जबड्याखालचं मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं, पण तपासणाऱ्या डॉक्टरांनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं. म्हणून क्षुल्लक वाटलं तरी लिहा. वहीच्या पहिल्या पानावर घ्यायच्या सगळ्या गोळ्यांची नावं, आई-वडील-भावंडांत कुणाला कोणत्या वयात हृदयाचा किंवा अर्धांगाचा त्रास झाला ते, आणि तंबाखू. तंबाखूत मिश्री धरायची. आपल्याकडच्या कितीतरी बायका 'मला कसलंही व्यसन नाही' असं सांगतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे.

आठवड्यात थांबण्याची पायरी खाली खाली येत असेल, किंवा सपाटीवरही त्रास व्हायला लागला असेल, तर सात दिवस पुरे करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

एक कारण सापडलं म्हणजे दुसरं नाही, असं नसतं

इथे माझे तीन महिने गेले. एप्रिलमध्ये मी डॉक्टरांकडे गेले तेव्हा हिमोग्लोबिन ९.६ निघालं. बायकांत ते १२ च्या वर हवं. ईसीजी चांगला आला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. जुलैत हिमोग्लोबिन १२.२ झालं, अहवाल छान, आणि मी सपाटीवर फिरतानाही मध्येच कट्ट्यावर बसत होते.

रक्तक्षय खराच होता आणि त्याचा उपचारही योग्य होता. फक्त 'बरं झाल्यावर थकवा गेला का' हा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही नाही. उलट, धमनी अरुंद असताना रक्तक्षय असला तर हृदयाची ओढाताण आणखी वाढते. तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) या तपासण्या अवश्य करा. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ नक्कीच. पण काही कमी निघालं आणि औषध सुरू झालं, तर त्याच दिवशी वहीत तारीख लिहा: 'अमुक दिवशी पुन्हा तोच जिना.' आकडा सुधारला आणि जिना सुधारला नाही, तर वही घेऊन परत जा आणि हेच वाक्य डॉक्टरांना म्हणा.

साधा ईसीजी झोपवून काढतात. तेव्हा हृदयाला रक्त पुरतच असतं. त्यामुळे तो चांगला येणं ही चांगली गोष्ट असली तरी तेवढ्याने धमन्या मोकळ्या ठरत नाहीत. पुढची पायरी बहुतेक वेळा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी. त्यात दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. साडी नेसून जाऊ नका, सलवार-कुर्ता आणि बुटाची सवय असलेले पाय घेऊन जा. आदल्या रात्रीच्या आणि सकाळच्या कोणत्या गोळ्या घ्यायच्या, कोणत्या नाही, हे आधी विचारून घ्या. भरल्या पोटी जाऊ नका. पट्ट्यावर 'अजून थोडं जमेल' असा हट्ट नको, त्रास झाला की लगेच सांगा. मी पाचव्या मिनिटाला सांगितलं, आणि पडद्यावरच्या रेघा तोवर बदलल्या होत्या.

बायकांत ही चाचणी कधी उगाच दोष दाखवते, म्हणून डॉक्टर सीटी अँजिओग्राफीही, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचं सीटी स्कॅनही, सुचवतात. माझी सरळ मनगटातून अँजिओग्राफी (नळी घालून धमन्यांची तपासणी) झाली आणि त्याच बैठकीत स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसला. काही जणींच्या मोठ्या धमन्या मोकळ्या निघतात, तरी बारीक रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे त्रास खरा असतो. 'अँजिओग्राफी नॉर्मल, मनाचं आहे' असं ऐकून गप्प बसू नका, 'बारीक रक्तवाहिन्यांचा दोष असेल का' हे विचारा.

खर्चाच्या भीतीने अँजिओग्राफी पुढे ढकलणारी माणसं मी वॉर्डात पाहिली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. आधार आणि रेशनकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा.

पाय दमतात तेव्हा

माझे थोरले बंधू, अण्णा, फलटणजवळ शेती करतात. चाळीस वर्षं विडी ओढली. गोठ्यापासून विहिरीपर्यंत जाताना त्यांच्या उजव्या पोटरीत भरून यायचं, पाय ओढायला लागायचा. दोन मिनिटं थांबले की मोकळा. 'वय झालं, पाय दमतात' असं ते म्हणत, आणि गावात कुणी मणक्याचं सांगितलं होतं.

फरक घरी ओळखता येतो, निदान अंदाज तरी बांधता येतो. मणक्यातली नस दाबली गेली असेल तर नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. सायकलवर पुढे झुकून तेच अंतर सहज कापलं जातं. पायाची धमनी अरुंद असेल तर उभं राहिलं तरी पुरतं, आणि दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर त्रास येतो. अण्णा दर वेळी त्याच लिंबाखाली थांबायचे.

तपासणी सोपी आहे. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजतात आणि पहिल्याला दुसऱ्याने भागतात. उत्तर १ च्या आसपास किंवा थोडं वर हवं. ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या धमन्यांत अडथळा समजतात. अण्णांचं उजवीकडे ०.६२ होतं. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की हा आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा डॉप्लर सोनोग्राफी करतात. पण मला सगळ्यांत जास्त सांगायचं ते हे: पायाच्या धमन्या भरल्या असतील तर हृदयाच्या आणि मेंदूच्याही भरल्या असण्याचा संभव मोठा असतो. पाय दमणाऱ्या माणसाचं हृदय तपासून घ्याच.

अण्णांना डॉक्टरांनी औषधांबरोबर चालायला सांगितलं, तेही दुखेपर्यंत. पोटरी बरीच भरून येईपर्यंत चालायचं, थांबायचं, मोकळी झाली की पुन्हा चालायचं. थांबण्यासकट अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन वेळा, किमान तीन महिने. हृदयाच्या माणसाने त्रास होईल इतकं चालायचं नसतं, आणि पायाच्या माणसाने तो सोसून चालायचं असतं, हे उलट वाटतं. म्हणून आधी हृदयाची तपासणी, मग हे चालणं. विडी त्यांनी त्या दिवसापासून सोडली, ती सोडल्याशिवाय बाकीचं सगळं फुकट गेलं असतं. शेतात अनवाणी जाणं बंद केलं, कारण अशा पायावरची काट्याची जखमही लवकर भरत नाही. रात्री झोपेत पाऊल ठणकू लागलं, किंवा पाय एकाएकी गार, पांढरा आणि बधिर पडला, तर सकाळची वाट बघायची नाही. अशा पायाला वाचवायला थोडेच तास असतात.

स्टेंटनंतरचा थकवा

स्टेंट बसला की दुसऱ्या दिवसापासून उड्या मारता येतील असं मला वाटलं होतं. सहा आठवडे मी दुपारी झोपत होते. थोडी भीती होती, थोडं औषध, आणि सहा महिन्यांत सैलावलेले स्नायू. मला दिलेल्या मेटोप्रोलॉलने (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) नाडी ५२ पर्यंत उतरली होती. ते मी वहीत लिहून दाखवलं आणि मात्रा कमी झाली. ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणं धोक्याचं असतं, तसंच स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांचं. कोलेस्टेरॉलच्या गोळीने मांड्या दुखल्या तरी आधी डॉक्टर, मग निर्णय. मन उदास राहिलं, पहाटेच जाग येऊन जीव नकोसा वाटला, तर तेही याच वहीत लिहा आणि दाखवा. झटक्यानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर नैराश्य येणं फार दिसतं आणि ते उपचाराने जातं.

चालायला सुरुवात सपाटीवर १० मिनिटांनी केली, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. वेग एवढाच, की चालताना बोलता यावं. बोलणं तुटायला लागलं की हळू. जेवणानंतर लगेच नाही, कडक उन्हात नाही.

पर्वती मला डॉक्टरांनी चौथ्या महिन्यात पुन्हा चढू दिली. वहीतली गेल्या सोमवारची नोंद: '६.१०. १०३ पायऱ्या. ६८ व्या पायरीला थांबले, दीड मिनिट. जबडा ठीक. मैत्रिणीला खरं कारण सांगितलं.'